दुर्बिणीआधी पाया: काळ्या मातीतल्या वेधशाळेविषयी

वर्धा जिल्ह्यातील एका गावात आठ इंची न्यूटनीय (आरशाची) दुर्बीण घराच्या स्लॅबवर कायमची बसवण्याचा विचार या चर्चेत एकाने मांडला आहे. माउंटच्या (दुर्बीण धरून फिरवणाऱ्या बैठकीच्या) निवडीवर भरपूर चर्चा झाली असली, तरी पायाबद्दल कोणी फारसे लिहिलेले नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे प्रतिमा थरथरते, आणि २०० पट वर्धनाला शेजारून कोणी चालले तरी शनीचे कडे नाचू लागते. म्हणून अंगणात स्वतंत्र काँक्रीटचा खांब उभारणे मला अधिक योग्य वाटते.

मात्र आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते, त्यामुळे उथळ पायावरचा खांब हळूहळू कलतो आणि माउंटच्या ध्रुवीय अक्षाची (आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखायच्या अक्षाची) जुळणी बिघडते. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा, आणि भोवतालच्या फरशीचा खांबाला कुठेही स्पर्श होऊ देऊ नये.

वर्ध्याचा अक्षांश सुमारे २०.७ अंश असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण तेवढाच वर (आणि बहुधा शेजाऱ्याच्या कडुनिंबाआड) असतो. तेव्हा जागा निवडताना उत्तर मोकळी हवी. ध्रुवतारा आकाशाच्या खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून अधिक दूर असल्यामुळे दीर्घ छायाचित्रणासाठी केवळ त्याच्यावर अक्ष रोखून भागत नाही.

वेधशाळेच्या छपराला रुळांवर सरकणारा पत्रा पुरे, पण वादळात उडू नये म्हणून त्याला पक्के आकडे लावावेत. पावसाळ्यात आरशावर बुरशी धरते, म्हणून दुर्बिणीची नळी घरात कोरड्या जागी ठेवावी.