मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या छोट्या टँकमधली वाळू दोन दिवसांत तपकिरी होते

सातरस्ता:
नमस्कार. सात आठवड्यांपूर्वी मी खाऱ्या पाण्याचा दोन फुटी टँक सुरू केला. वाळू कितीही पांढरीशुभ्र केली तरी दोन दिवसांत तिच्यावर तपकिरी थर चढतो, आणि लाइव्ह रॉक (उपयुक्त जिवाणू वसलेला खडक) म्हणून घेतलेला खडक अजूनही सिमेंटच्या ढेकळासारखा दिसतो. स्वच्छतेत मी कसूर करत नाही आणि पाणी आरओचेच वापरतो. इथल्या दुकानदाराने वाळू बदलायला सांगितले, ती एकदा बदलूनही झाली. कोणते औषध टाकावे एवढेच कृपया सांगावे. नायट्रोजन चक्राबद्दल मी वाचलेले आहे.

खारफुटी:
वाळू कोणती आणि किती जाड, खडक ओला आणला की कोरडा, खारटपणा किती, दिवा किती तास, मासे आहेत का, माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया मोजला का? यांतले काहीच न सांगता औषध मागणे म्हणजे नाडी न दाखवता गोळी मागण्यासारखे आहे. शिवाय तो थर बोटाने हलवून पाहा. धुळीसारखा उडाला तर डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शैवाल; साईसारखा पापुद्रा निघाला आणि त्यात बुडबुडे अडकलेले असले तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शैवालासारखे वाढणारे जिवाणू. दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

होटगीरोड:
माझा अनुभव सांगतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि टँकचे पाणी २६ अंशांच्या आत ठेवायचे असते, तेव्हा आधी चिलरची, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, सोय करा. तो परवडत नसेल तर पाण्यावर पंखे लावा, दोन-तीन अंशांचा फरक पडतो. मात्र पंख्याने पाणी भराभर उडते आणि मीठ मागे राहते, म्हणून भर घालताना गोडेच पाणी घालावे.

सातरस्ता:
चिलरचे मी विचारलेले नाही. अ‍ॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू, दीड इंच. खडक कोरडा. घनता १.०२५. दिवा दहा तास. क्लाउनफिशची जोडी तिसऱ्या आठवड्यात सोडली. अमोनिया ०.५ पीपीएम (दहा लाखांत अर्धा भाग). थर धुळीसारखा उडतो आणि सकाळी थोडा फिका असतो. आता तरी औषध सांगाल का?

भुईकोट:
विकतची वाळू हवीच कशाला? आम्ही रत्नागिरीच्या सहलीहून गोणीभर वाळू आणली होती, ती उत्तम चालली. वाळू चाळून साफ ठेवायला एक समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री प्राणी) सोडा, दुसरे काही लागत नाही.

खारफुटी:
भुईकोट, समुद्रकाकडीच्या सर्व जातींना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालून संरक्षण दिले गेले, त्यामुळे हा सल्ला देणेच चुकीचे आहे. पोवळ्यांचेही तेच, म्हणून समुद्रातून तोडलेला खडक कोणी देऊ केला तरी घेऊ नये. कोरडा किंवा सिरॅमिकचा खडकच योग्य. रत्नागिरीच्या वाळूत इल्मेनाइटचे काळे कण असतात, हा आणखी एक मुद्दा.

भुईकोट:
माझ्या टँकमध्ये काळे कण होते आणि मासेही होते. एवढेच म्हणतो आणि थांबतो.

शेंगाचटणी:
सातरस्ता, सातव्या आठवड्यात अमोनिया शून्य हवा होता, तो ०.५ वर अडला आहे, याचा अर्थ तो संपवणारे जिवाणू टिकत नाहीत. तुम्ही ‘स्वच्छतेत कसूर करत नाही’ असे लिहिले आहे. ती स्वच्छता नेमकी कशी करता?

सातरस्ता:
सगळे करतात तशीच. दर रविवारी खडक बाहेर काढून नळाखाली ब्रशने घासतो आणि वाळू पाणी नितळ येईपर्यंत बादलीत धुतो.

शेंगाचटणी:
दुखणे इथेच आहे. खडक जिवंत होतो तो त्याच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांत वसणाऱ्या जिवाणूंमुळे. वरचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तर आत जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून सोडतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना मारते, उरलेले ब्रशने निघतात, आणि तुमचा टँक दर सोमवारी नव्याने जन्माला येतो. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, ते साठवून आपण खडकावर ओततो, हा आणखी विनोद. आता खडकाला हात लावू नका. घासणे भागच असेल तर टँकमधूनच काढलेल्या खाऱ्या पाण्यात विसळा. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना नळीने वाळूचा एक तृतीयांश भागच वरवर ओढा, उरलेली पुढच्या खेपांना. अमोनिया उतरेपर्यंत माशांना खाणे अगदी बेताने घाला आणि दिवा सात तासांवर आणा.

खारफुटी:
सहमत, पण डायटम सिलिकेट या क्षारावर वाढतात आणि ते पाण्यातून येते. आरओ घरचाच आहे ना? त्यात चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, जो थोडे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. मीटर लावून पाहा.

सातरस्ता:
मीटरवर ९५ आले. दुकानदार तर ‘आरओ म्हणजे आरओ’ म्हणाला होता.

खारफुटी:
पिण्यासाठी ते ठीकच आहे. कंट्रोलरचा स्क्रू पूर्ण बंद करा, मिनरल कार्ट्रिज वगळा आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) जोडून आकडा शून्यावर आणा. त्या पाण्याला चव नसते, तेव्हा घरच्यांसाठी वेगळा नळ ठेवा, नाहीतर चहावरून भांडण होईल.

सातरस्ता (बारा दिवसांनी):
स्क्रू बंद केल्यावर १४ आणि रेझिननंतर शून्य आले. खडक तेव्हापासून हलवलेला नाही. अमोनिया काल शून्य दाखवला, आणि मागच्या बाजूच्या एका खाचेत नखाएवढा जांभळट डाग दिसतो आहे, तो आधी नव्हता. वाळू मात्र पुढच्या काचेजवळ अजून तपकिरी आहे आणि ती धुण्यासाठी हात शिवशिवतात. किती दिवस वाट पाहायची?

होटगीरोड:
पंखे लावले का?