आराखड्याआधी वाऱ्याचा नकाशा हवा की नको?

नकाशेवाला:
माझं मत सरळ आहे, वारा नि तापमानाचा अभ्यास आधी, शहराचा आराखडा नंतर. आत्ता उलटं चालतं, रस्ते आणि मजले ठरतात आणि शेवटी कुणाला तरी झाडं आठवतात. शहर रात्री आजूबाजूच्या गावांपेक्षा गरम राहतं हे ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान अभ्यासकाने १८१८ मध्येच लंडनच्या आकड्यांसकट लिहून ठेवलंय. जर्मनीतलं स्टुटगार्ट खोलगट भागात आहे, वारा कमी, म्हणून पालिकेत १९३८ पासून हवामानतज्ज्ञ आहेत, आणि रात्री टेकड्यांवरून उतरणारी गार हवा अडू नये म्हणून उतारावरच्या बांधकामाला मर्यादा घातल्यात.

चौथामजला:
आणि मग उतारावर ज्यांचे बंगले आधीच आहेत त्यांची चांदी! बाकीच्यांनी लांब राहायला जायचं, रोज गाडीत बसायचं, त्या गाड्यांची उष्णता कुठल्या नकाशात धरता?

नकाशेवाला:
दाटी नको असं कुठे म्हटलं? हाँगकाँग किती दाट आहे, पण २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर त्यांनीच मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वारा खेळतो का हे तपासायची पद्धत २००६ मध्ये आणली. उंच बांधा की, फक्त सलग भिंत उभी करू नका, मध्ये वाट सोडा.

उनाड_पारा:
दोघंही थांबा जरा. सॅटेलाइटचा लालभडक नकाशा दाखवून निर्णय घेतात ना, तो जमिनीचा नि छपरांचा पारा असतो, माणसाला लागणारी उष्णता नाही. लॉस एंजेलिसला रस्त्यांवर फिकट कोटिंग लावलं, रस्ता गार झाला, पण भर दुपारी चालणाऱ्याच्या अंगावर उलटून येणारं ऊन वाढलं असं मोजमापात निघालं. गल्लीचंही तसंच, अरुंद असली की दिवसा सावली मस्त, पण रात्री उष्णतेला आकाशाकडे जायला वाव कमी, त्यामुळे ती तिथेच घुटमळते. कोरड्या हवेत चालेल ते दमट हवेत चालेलच असं नाही.

चौथामजला:
मग तेच तर म्हणतोय! तुमचंच एकमत नाही आणि आम्ही पंधरा-वीस वर्षांसाठी नियमात अडकायचं?

नकाशेवाला:
एकमत आहे हो, उत्तर जागेप्रमाणे बदलतं एवढंच. पाया खणायच्या आधी प्रत्येक प्लॉटची माती तपासतोच ना आपण, तेव्हा नाही कुणी म्हणत की भूशास्त्रवाल्यांचं एकमत नाही. झाड उशिरा लावलं तरी चालतं, चुकीच्या दिशेला उभा राहिलेला टॉवर पन्नास वर्षं हलत नाही.

चौथामजला:
बरं, वाऱ्याच्या वाटेत ज्याचा प्लॉट आला त्याला भरपाई कोण देणार? इथे सगळे गप्प.

उनाड_पारा:
त्याचे बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरू द्या.

चौथामजला:
म्हणजे भिंत इथे नाही तर तिथे उभी राहणार, काय मिळवलं?

नकाशेवाला:
म्हणूनच ते हक्क कुठे उतरवायचे हेही त्याच नकाशावर ठरवा ना! सध्या तर जिथे भाव जास्त तिथे उतरतात.