मदत हवी आहे: बांबूचे सरावाचे बाण डावीकडे जातात आणि खाचेपाशी चिरतात

मैदान_हिंगोली
शाळेतल्या मुलांसाठी सरावाचे बाण घरीच करायलोय. तिरंदाजीचा इंडियन राउंड प्रकार, बांबूचं धनुष्य, दोरी पूर्ण ओढायला ताण अंदाजे 30 पौंड, मुलं सगळी उजव्या हाताने ओढणारी. बाण 70 सें.मी. लांब, कामटी तासून 9 मि.मी. जाड केली. मागे प्लास्टिकच्या बाटलीचे तीन पंख, पुढे खिळा. 12 केले. 20 मीटरवर जवळजवळ सगळे वीतभर डावीकडे जातात. चार बाण मागच्या खाचेपासून उभे चिरले, दोन पुढून खिळ्यापाशी. पंखही निघून पडायलेत. कुठं चुकतंय? तयार बाण घेण्याइतका निधी नाही.

कामटी
सर, आधी चिरलेले सहा बाजूला काढा आणि मोडूनच टाका, म्हणजे चुकून कुणी उचलणार नाही. बारीक चीर गेलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याची सळई धनुष्य धरलेल्या हातात घुसते. प्रत्येक फेरीनंतर बाण कानाजवळ धरून हलकासा वाकवायचा. 'कर्र' असा आवाज आला की तो बाद.

खाच कशी पाडली? सालीला समांतर पाडली असेल तर दोरी बांबूच्या थरांत पाचरीसारखी बसते, चिरणारच. खाच सालीकडून आतल्या बाजूकडे, म्हणजे थर कापत गेली पाहिजे. हॅकसॉचे दोन ब्लेड एकमेकांना चिकटवून 6 मि.मी. खोल कापा आणि पॉलिश पेपरने कडा गोल करा. मग खाचेच्या लगेच खाली 1 सें.मी. सुती दोरा वेढ्याला वेढा लावून गुंडाळा, अॅराल्डाइटमध्ये भिजवून. हा वेढा नसेल तर कितीही चांगला बांबू टिकत नाही.

सरळरेषा
डावीकडे जाण्याचं कारण बहुतेक ताठपणा. दोरी सुटली की बाण मधे वाकतो आणि धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून पुढे जातो. जास्त ताठ बाण वळसा घेतच नाही, दांड्याला टेकून डावीकडे ढकलला जातो. फार लवचिक असेल तर उलट, उजवीकडे. (डावखुऱ्यांसाठी दोन्ही उलटं.)

मोजून बघा. फळीवर दोन खिळे 66 सें.मी. अंतरावर ठोका, बाण त्यावर आडवा ठेवा आणि बरोबर मधे 900 ग्रॅम वजन टांगा. मधला भाग किती मिलिमीटर खाली येतो (हाच झोल) ते पट्टीने बघा. मोजताना साल वर किंवा खाली नको, बाजूला ठेवा, कारण कामटींनी सांगितलेल्या खाचेचा बाण सुटताना त्याच दिशेने वाकतो. 30 पौंडांच्या धनुष्याला झोल साधारण 22 मि.मी. हवा, 35 ला 19, 25 ला 26.

मैदान_हिंगोली
उरलेले सहा मोजले. झोल 14 ते 16 मि.मी.

सरळरेषा
म्हणजे हे बाण 41-47 पौंडांच्या धनुष्याचे. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून थोडंच तासायचंय: 9 चे 8.2 मि.मी. केले की 15 चा झोल जवळजवळ 22 होतो. शेवटची 0.3 मि.मी. रंध्याने काढू नका, पॉलिश पेपरच्या घडीत बाण फिरवून काढा आणि दर थोड्या वेळाने वजन टांगून बघा. सालीच्या बाजूला हात आखडता घ्या, दाट धागे तिथंच असतात. गाठी मात्र कानशीने सपाट करा, खोल नको. एका संचातले बाण झोलात 1 मि.मी. आणि वजनात 1 ग्रॅमच्या आत असावेत. वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या, किराणा दुकानातला काटा इथं निरुपयोगी.

मानवेल
खिळ्याबद्दल. उभ्या धाग्यात खिळा ठोकला की पुढून फाटणारच. फ्रिज-एसीवाल्याकडे 3/8 इंची तांब्याच्या नळीचे तुकडे पडलेले असतात. 2 सें.मी. कापा, आतला व्यास 8 मि.मी.च्या आसपास भरतो. दांडीचं टोक तेवढं घासून ही नळी अॅराल्डाइटने आधी बसवा. मग 2.5 मि.मी.चं भोक पाडून छोटा स्क्रू आवळा, त्याचं डोकं कानशीने गोळीसारखं गोल करा. नळी आणि स्क्रू मिळून 6 ग्रॅमच्या आसपास होतात. पूर्ण झालेला बाण बोटावर तोलला तर तोल मध्यापासून 5 ते 8 सें.मी. पुढे यावा. मागे आला तर बाण शेपूट हलवत जातो.

बांबू कुठला आहे? पाचटासारखा पोकळ कळक असेल तर एवढी मेहनत वाया. भरीव, मानवेल जातीचा बांबू हवा, तीन वर्षांचा, बुंध्याकडचा. किनवट-माहूर भागातून येतो, बुरुडाकडे सांगून ठेवा. शेताच्या बांधावरचा असेल तर 2017 पासून तोडणीच्या परवान्याची कटकट नाही, जंगलातला मात्र हात लावू नका. थंडीत तोडलेला घ्या. पावसाळ्यातल्यात साखर-पिठूळ जास्त, त्याला घुण लागून पिवळी पिठी पडते.

कामटी
आणि सावलीत दोन-अडीच महिने वाळवा. एप्रिलच्या उन्हात ठेवला तर बाहेरून आखडतो, आतून ओला राहतो आणि मधेच तडकतो. वाकडेपणा निखाऱ्यावर काढा: गाठीजवळ हात पोळेल इतपत तापवायचं, काळं पडू द्यायचं नाही, वाकवायचं आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचं. सोडायची घाई केली की परत पूर्ववत.

सरळरेषा
पंख बाटलीचे का केलेत? कडक प्लास्टिक धनुष्याच्या दांड्यावर आपटतं आणि बाणाला झटका देतं, डावीकडे जाण्यात त्याचाही वाटा असेल. पीस आपटलं की दुमडतं. कोंबड्याच्या किंवा टर्कीच्या पंखाची लांब पिसं घ्या, एका बाणाला तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची, नाहीतर बाण फिरतच नाही. 10 सें.मी. लांब, 1.5 सें.मी. उंच. खाचेला काटकोनात एक पीस, बाकी दोन 120 अंशांवर. चिकटवायच्या जागेची साल पॉलिश पेपरने खरवडा, गुळगुळीत सालीवर गोंद धरत नाही. पिसाचं पुढचं टोक दोऱ्याने बांधाच. घार-गिधाडाचं पीस सापडलं तरी नको, 1972 चा वन्यजीव कायदा आहे.

मैदान_हिंगोली
पावसाळ्यात बाण परत वाकडे होतील ना? जवसाचं तेल लावलं तर चालेल का?

मानवेल
चालेल, पण घाण्याचं कच्चं तेल वाळायला दोन-तीन आठवडे घेतं, तोवर चिकट राहतं. हार्डवेअरच्या दुकानात उकळलेलं मिळतं, ते पातळ तीन हात द्या, दर हातानंतर दिवसभर थांबून. पिसं नंतर लावा, तेलावर गोंद बसत नाही, त्यामुळे पिसांची जागा कोरडी सोडा. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आतून तापत जाऊन आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून बाहेर मोकळ्यावर पसरा. बाण उभे टेकवून न ठेवता आडवे, तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा.