मदत हवी आहे: ध्यानात गुडघा ठणकतो तेव्हा ‘नुसतं पाहायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं?

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, केळीची शेती आहे. मागच्या हिवाळ्यात इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आलो. तेव्हापासून पहाटे पाचला तासभर बसतो. संध्याकाळची बैठक मात्र मजूर आणि पाण्याच्या पाळीत हुकते.

अडचण अशी की वीस-पंचवीस मिनिटांनी उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूने ठणका सुरू होतो. शिबिरात चौथ्या दिवसापासून अधिष्ठानाला, म्हणजे निश्चयाने बसायच्या बैठकीला, तासभर हलायचं नव्हतं, तेव्हाही ठणकायचा. पण भोवती एवढी माणसं निश्चल बसलेली, त्या जोरावर निभलं. घरी निभत नाही. ठणक्याकडे लक्ष देतो, मनात ‘अनिच्च, अनिच्च’ (अनित्य, हेही टिकणार नाही) म्हणतो, आणि मग ध्यानात येतं की मी ठणका पाहतच नाहीये, तो जायची वाट पाहतोय. दात आवळलेले, खांदे वर चढलेले. याला समता, म्हणजे हवं-नको न करता पाहणं, कसं म्हणू?

एकदाच जमलं. मे महिन्यात पहाटे लाईट गेली, पंखा बंद. कानामागून घामाचा थेंब निघाला. आधी गार, मग मानेवर गुदगुल्या, मग बनियनच्या काठाशी नुसता ओलावा. पुसायला हात उठला नाही, आणि उठू नये म्हणून जोरही लावावा लागला नाही. थेंब हवासाही नव्हता, नकोसाही नव्हता.

गुडघ्याशी तसं का होत नाही? या ध्यानात ‘वेदना’ पाहायच्या असतात, पण मराठीत वेदना म्हणजे दुखणंच. पालीत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, तिन्ही वेदनाच. मी रोज दुखणंच शोधायला बसतो की काय, असं वाटू लागलंय. बुद्धाच्या सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे, पहिला शरीराला लागतो, दुसरा मनाला. माझा दुसरा बाण तर ठणक्याच्या आधीच, पंधराव्या मिनिटाला लागलेला असतो.

डॉक्टरांना दाखवलंय, एक्स-रे चांगला आहे. उठल्यावर दोन मिनिटांत ठणका जातो, केळीच्या कांदेबागेत दिवसभर पिलं कापतो तेव्हा काही होत नाही.

घरी वर्षानुवर्षं बसणाऱ्या दादा-ताईंनी सांगावं: ठणका वाढला की त्याच्या मधोमध थांबता, की डोक्यापासून पायापर्यंतचा लक्षाचा फेरा तसाच चालू ठेवता? मध्येच पाय बदलला तर काय बिघडतं? आई म्हणते, खुर्चीवर बस. कोणी तसं बसत असेल तर तेही लिहा. आणि भुसावळ-जळगावकडे आठवड्याला एकत्र बसणारे कोणी असतील तर कळवा, रविवारी पहिल्या गाडीने येईन.