शब्दचर्चा : इच्छामरण, दयामरण आणि ‘भ्रूण’ नावाची अडचण

अनुवादिनी :
नमस्कार मंडळी. वैद्यकीय नीतिशास्त्रावरची एक छोटी पुस्तिका मराठीत आणते आहे. वाचणार आहेत नर्सिंगच्या विद्यार्थिनी, त्यामुळे शब्द बोजड नकोत आणि ढोबळही नकोत. दोन ठिकाणी गाडं अडलंय. डॉक्टर औषध लिहून देतो आणि रुग्ण ते स्वतःच्या हातानं घेऊन मरतो, याला काय म्हणायचं? वर्तमानपत्रांचं धोरण सोपं आहे : सुई टोचली तरी इच्छामरण, व्हेंटिलेटर काढला तरी इच्छामरण, आणि स्वित्झर्लंडला जाऊन कुणी औषध प्यायलं तरी इच्छामरणच. दुसरी अडचण स्टेम सेलची, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडू शकतात त्या पेशींची. मूळपेशी, मूलपेशी, स्कंदपेशी असे तीन शब्द सापडले. कुठला घेऊ?

जुना वाचक :
इच्छामरण हा शब्द भीष्मांचा आहे, हे आधी लक्षात घ्या. शंतनूनं वर दिला, पितामह शरपंजरी पडले आणि उत्तरायणाची वाट पाहत राहिले. तिथे डॉक्टर नाही, न्यायालय नाही, नातेवाइकांची सही नाही. मरणाऱ्याचं भान शाबूत आणि वेळ त्याच्या मुठीत. हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हेच चित्र येतं.

आता हाच शब्द अरुणा शानभाग यांच्या बातम्यांत कसा वापरला गेला ते पाहा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, मेंदूला इजा झाली आणि नंतरची जवळजवळ ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांना मरू द्यावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी यांनी याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली. मात्र उपचार थांबवण्याची वाट, उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून, त्याच निकालात मोकळी केली. मथळे काय होते? ‘अरुणाला इच्छामरण नाही’. अहो, पण इच्छा कोणाची? त्या बोलू शकत नव्हत्या. विराणींची इच्छा एक होती, अंघोळ घालणाऱ्या नि भरवणाऱ्या केईएमच्या परिचारिकांची अगदी उलट होती. अरुणाची कोणती, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं त्या गेल्या.

खारूताई :
मग तिथे ‘दयामरण’ चाललं असतं की.

जुना वाचक :
मला तो शब्द आवडत नाही. दया करणारा उभा असतो आणि जिच्यावर करायची ती आडवी. अधिकाराची गोष्ट चालू असताना भिकेची भाषा कशाला?

खारूताई :
आवडायचा प्रश्नच नाही. जिथे इच्छा कळतच नाही, तिथे जे काही होतं ते दुसऱ्यांच्या मनातल्या दयेपोटी होतं. शब्द तेवढं कबूल तरी करतो. ‘इच्छामरण’ म्हणून आपली इच्छा रुग्णाच्या नावावर खपवण्यापेक्षा हे बरं.

आयसीयूवाला :
दोघांचंही मान्य, पण आमच्या वॉर्डात यांपैकी एकही शब्द मी ऐकलेला नाही. लोक म्हणतात, “डॉक्टर, आता हाल नकोत.” “नळ्या काढा, घरी नेतो.” “सोडवा एकदाचं.” आणि नंतर, “सुटले बिचारे.” सोडवा म्हणणाऱ्याला काय हवं असतं? बहुतेक वेळा एवढंच, की आम्ही हात आवरावा. सुई टोचून संपवा असं फार क्वचित कोणाला म्हणायचं असतं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना नामं बाजूला ठेवायला सांगतो आणि क्रियापदं धरायला सांगतो. मराठीत ती आयती आहेत : मरू देणे, मारणे, मरायला मदत करणे. शेवटचा हात कोणाचा, हे क्रियापद लपवू देत नाही. व्हेंटिलेटर काढणं किंवा मुळात न लावणं म्हणजे मरू देणे. प्राण आजारानंच जातो. डॉक्टरनं प्राणघातक इंजेक्शन दिलं तर ते, कितीही कळवळ्यानं दिलेलं असो, व्याकरणात मारणेच. अनुवादिनी, तुमचं उदाहरण तिसऱ्यातलं.

कायदेही याच रेघांवर फुटलेत. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९९७ पासून तिसरं चालतं, दुसरं नाही. औषध रुग्णानंच घ्यायचं. नेदरलँड्स आणि बेल्जियमनं २००२ मध्ये दुसऱ्यालाही अटींसह परवानगी दिली. स्वित्झर्लंडचा कायदा १९४२ पासूनचा आणि जरा तिरका आहे : स्वार्थासाठी मदत केली तर गुन्हा, एरवी नाही. आपल्याकडे ९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निकालानं पहिलं तेवढं मान्य केलं, तेही राज्यघटनेतल्या सन्मानानं जगण्याच्या अनुच्छेद २१ मधूनच काढून. बाकी दोन्ही आजही गुन्हे आहेत. अशा वेळी चौकातल्या फलकावर ‘भारतात इच्छामरणाला मान्यता’ असं छापणं म्हणजे लोकांना फसवणं आहे. आम्हाला मग दारात येऊन विचारतात.

अनुवादिनी :
क्रियापदांचं फार पटलं. पण प्रकरणाला शीर्षक द्यायचं तर नाम लागतंच. ‘साहाय्यित आत्महत्या’ लिहिलं तर?

जुना वाचक :
आधी शुद्धलेखन, ते तुमचं बरोबर आहे : साहाय्य, ‘सा’ला काना. निम्मी मराठी वर्तमानपत्रं तो खातात.

आता अर्थ. ‘आत्महत्या’तला ‘हत्या’ निरागस नाही. ब्रह्महत्या, गोहत्या या रांगेतला तो शब्द आहे. हत्या म्हटलं की पातक आलंच. म्हणून आपल्याकडे स्वतःहून पत्करलेल्या मरणाला नेहमीच वेगळं नाव शोधलं गेलं. प्रायोपवेशन म्हणजे अन्नत्यागानं मरण, संजीवन समाधी, जैनांचा मरेपर्यंतच्या उपवासाचा संथारा. सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण हा भेद लिहून मांडला आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडून देह ठेवला. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला तेच केलं. त्यांच्या बाबतीत ‘आत्महत्या’ म्हणून पाहा, समोरचा भांडायला उठेल. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं तेव्हा जैन समाज रस्त्यावर आला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. भांडण अर्धंअधिक नावाचंच होतं.

नोटरीकाका :
कायद्याच्या बाजूनं एक भर. आपल्या बातम्यांत ‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा’ रोज असतो. सासरचा छळ, सावकाराचा तगादा. भारतीय न्याय संहितेत आता ते कलम १०८, पूर्वीच्या दंड संहितेतलं ३०६. ‘साहाय्यित आत्महत्या’ वाचताना मराठी वाचकाला शेजारी तेच दिसतं. गंमत अशी, की स्वतः प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा देणारं जुनं ३०९ नव्या संहितेत राहिलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरलाय. मदत करणारा मात्र अजून आरोपीच.

आयसीयूवाला :
तरीही मी ‘साहाय्यित आत्महत्या’ ठेवीन. कानाला बोचतो, बोचू दे. युरोपातला वाद तिथेच तर आहे, की ही आत्महत्या म्हणायची की नाही. विरोधक म्हणतात हो, समर्थक म्हणतात मरण तसंही दारात आहे, आम्ही फक्त रीत निवडतो. अनुवादकानं मऊ शब्द निवडला तर त्यानं निकाल देऊन टाकला. बाकी जर्मन लोक ‘युथनेशिया’ (ज्याला आपण इच्छामरण किंवा दयामरण म्हणतो) हा शब्दच टाळतात. नाझींनी अपंगांना आणि मनोरुग्णांना मारलं ते त्याच नावाखाली. ते आपलं ‘मरणाला मदत’ अशा अर्थाचा साधा शब्द वापरतात.

पेशीवाली :
स्टेम सेलचं माझ्याकडे. ‘स्कंदपेशी’ विसरा. झाडाचं खोड म्हणजे स्कंध, ‘ध’. स्कंद म्हणजे कार्तिकेय. (तसा तोही आईच्या पोटाबाहेरच वाढलेला, त्यामुळे चूक अगदीच वाया गेलेली नाही.) ‘मूळपेशी’ घ्या, सगळ्यांना कळतो.

पण तुमची खरी अडचण पुढच्या पानावर आहे, आणि ती ‘भ्रूण’ या शब्दाची आहे. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूळपेशी वेगळ्या करून वाढवल्या आणि वाद पेटला, कारण पेशी काढल्या की तो भ्रूण उरत नाही. हा भ्रूण म्हणजे काय? टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातून शिल्लक राहिलेला, पाच-सहा दिवसांचा, शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा. टाचणीच्या डोक्याहून लहान. हात नाहीत, पाय नाहीत, मेंदूचा पत्ता नाही.

महाराष्ट्रात मात्र ‘भ्रूण’ हा शब्द घरोघर पोचला तो ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या जोडशब्दातून. गर्भलिंग तपासणीवर पहिला कायदा आपल्या राज्यानं १९८८ मध्ये केला, देशाचा १९९४ मध्ये आला. भिंती, एसट्या, शाळेचे निबंध सगळीकडे तो शब्द. तिथला भ्रूण काही महिन्यांचा असतो, आणि आपल्या मनात तर ती चक्क मुलगी असते. तोच शब्द प्रयोगशाळेतल्या त्या गोळ्याला लावला की वाद सुरू व्हायच्या आधीच एका बाजूनं जिंकलेला असतो. कॅथलिक चर्चचं म्हणणं असंच आहे की गर्भधारणेच्या क्षणापासून ती व्यक्तीच, आणि त्यावर गंभीरपणे वाद घालता येतो. पण तो युक्तिवादानं घालावा, शब्दाच्या लागणीनं नव्हे.

अनुवादिनी :
मग ‘एम्ब्रियो’च ठेवू?

पेशीवाली :
वंध्यत्वाच्या दवाखान्यात तोच बोलतात, जोडपीही बोलतात. मी तरी पहिल्या वापराला ‘पाच दिवसांचा भ्रूण’ असं वयासकट लिहीन. वय महत्त्वाचंच आहे इथे. ब्रिटनमध्ये सरकारनं नेमलेल्या वॉर्नॉक समितीनं १९८४ मध्ये भ्रूणावरच्या संशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, ती १९९० मध्ये कायद्यात आली, आणि आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांतही तीच आहे. चौदाच का, तर त्या सुमारास शरीराच्या आखणीची पहिली रेघ उमटते आणि त्यानंतर एकाचे दोन, म्हणजे जुळे, होत नाहीत. तोवर ‘एक व्यक्ती’ म्हणायलाही अडचण.

आणि ‘मूळपेशी’ म्हणजे भ्रूणाचीच असं पुस्तिकेत ध्वनित होऊ देऊ नका. अस्थिमज्जेतल्या असतात, नाळेच्या रक्तातल्या असतात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या त्वचेच्या पेशींना मागं नेऊन मूळपेशींसारखं केलं. २०१२ चं नोबेल त्याबद्दलच. सध्या आपल्याकडे मला जास्त काळजी ‘थेरपी’ या शब्दाची वाटते. रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बहुतेक गोष्टी अजून चाचणीच्या पातळीवर आहेत, आणि जाहिरातीत गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्याला ‘स्टेम सेल थेरपी’. तिथे ‘उपचार’ न लिहिता ‘प्रयोग’ लिहा.

अनुवादिनी :
लिहून घेतलं. आता शेवटचा, ‘लिव्हिंग विल’, म्हणजे कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद. ‘जिवंत मृत्युपत्र’ वाचून मला हसू आलं.

नोटरीकाका :
माझ्याकडे आलेल्या एका आजोबांनी ‘इच्छापत्र’ असं शीर्षक घालून आणलं होतं आणि सुनेनं आधी फ्लॅट कोणाच्या नावावर ते पाहिलं! मृत्युपत्र आणि इच्छापत्र दोन्ही मेल्यावर उघडायचे कागद. हा तर माणूस जिवंत असताना, बोलू शकत नसताना लागतो. २०१८ च्या त्या निकालात न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करायची अट होती, त्यामुळे कोणी फिरकतच नव्हतं. जानेवारी २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, साक्षीदार दोन. मी मथळा ‘वैद्यकीय पूर्वनिर्देश’ असा टाकतो आणि खाली पहिल्याच ओळीत : “मी बोलू शकत नसेन तेव्हा माझ्यावर पुढील उपचार करू नयेत.” मालमत्तेचा म सुद्धा त्या कागदात येऊ देत नाही.

आयसीयूवाला :
‘पुढील’ऐवजी ‘खालील’ करा काका. आमच्याकडे एका निवासी डॉक्टरनं ‘पुढील उपचार’ म्हणजे ‘इथून पुढचे सगळे’ असा अर्थ लावला होता.