छोट्या कुत्र्याला घेऊन बाहेरची कामं कशी करता? (अनुभव लिहा)

आमचा बिट्टू स्पिट्झ आहे, पाच किलोच्या आतबाहेर. कोथरूडला मी आणि तो असे दोघंच राहतो, त्यामुळे दूध, औषधं, इस्त्रीचे कपडे, सगळ्याला तो बरोबर असतो, घरी ठेवला की दाराशी बसून रडत राहतो आणि मग माझाही पाय निघत नाही. आता, फिरायला नेणं वेगळं आणि कामाला नेणं वेगळं. फिरताना लक्ष त्याच्याकडेच असतं. कामाला गेलं की एका हातात पिशवी, दुसऱ्यात मोबाईल, क्यूआर स्कॅन करा, सुटे मोजा, आणि नेमकं त्या अर्ध्या मिनिटात तो खालचं काहीतरी तोंडात घालतो नाहीतर मागून एखादी बाईक अगदी कडेने येते.

माझा नियम एकच, त्याला बाहेर बांधून किंवा कोणाच्या भरवशावर सोडून आत जायचं नाही. छोटी कुत्री चोरीला जातात आणि बांधलेल्याला रस्त्यावरच्या कुत्र्यांपासून पळताही येत नाही. मग कामांची वाटणी आपोआप होते. मेडिकल, डेअरी, इस्त्रीवाला, झेरॉक्स, कोपऱ्यावरचा वाणी, यांचा काउंटर रस्त्यालाच असतो, पायरीवर उभं राहून काम होतं, तिथे बिट्टू येतो. बँक, सुपरमार्केट, दाताचा डॉक्टर यासाठी वेगळी फेरी, तो घरी. मंडईत तर अजिबात नाही, हातगाड्या, टोपल्या, माणसांचे पाय आणि खाली सडका पाला. एटीएमला नेते पण त्याला काखेत धरूनच, कारण ते काचेचं दार आपोआप मिटतं आणि शेपूट मागे राहिलेली असते.

लीश मनगटात अडकवत नाही, कमरेच्या पट्ट्याला क्लिप करते म्हणजे दोन्ही हात मोकळे. पैसे देताना लीशचा उरलेला भाग बुटाखाली दाबून ठेवायचा, तो फार तर एक पाऊल पुढे जाऊ शकतो, बास.

तुम्ही कसं जमवता ते लिहा. गाव लिहा, कुत्रा केवढा आहे आणि कुठली कामं ते पण लिहा. नुसतं 'नेऊच नका' नको, का ते सांगा.

---

ठाण्याहून लिहितेय. लाडू, शिह त्झू, एकविसावा मजला. सगळे ट्रॅफिकची काळजी करतात पण मला विचाराल तर पहिला धोका घराबाहेर पडल्या पडल्या, म्हणजे लिफ्ट. लीश लांब असली की आपण आत आणि कुत्रं बाहेर राहू शकतं, दार मिटतं, सेन्सरला बारीक दोरी कळेलच असं नाही, आणि लिफ्ट निघाली की पुढचं लिहवत नाही. म्हणून दार उघडायच्या आधी लाडू उचललेली असते, आत गेलं की मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. ती चाकावर गुंडाळणारी फ्लेक्सी लीश तर सोसायटीत आणि रस्त्यावर वापरूच नका, मोकळ्या मैदानात ठीक. मॉलमध्ये नेत असाल तर सरकता जिना टाळा, पंजाचे केस आणि नखं त्या फटीत ओढली जातात.

लिफ्टवरून भांडणं होतात म्हणून सांगते, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही. तरी मी आत कोणी असेल तर 'येऊ का?' विचारते, नको म्हणाले तर पुढची लिफ्ट. हक्क आहे म्हणून कोणाला घाबरवायचं नाही.

रिक्षात बसायच्या आधीच रिक्षावाल्या दादांना कुत्रा दाखवायचा, बसल्यावर नाही. स्वतःची जुनी चादर मांडीवर, लाडूचं तोंड आतल्या बाजूला, लीशचे दोन वेढे हाताला. रिक्षाला दार नसतं हे ब्रेक लागल्यावरच आठवतं.

---

नागपूर. आमच्याकडे मे मध्ये पारा 45 ला टेकतो आणि घरात पग आहे, त्यामुळे मी फक्त उन्हाबद्दल बोलतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो गार होतो मुख्यतः धापा टाकून, आणि पगचं नाक एवढं चपटं की त्याला धापही नीट टाकता येत नाही. शिह त्झू, पेकिनीज, बुलडॉगवाल्यांनी पण हे वाचाच. हाताची मागची बाजू डांबरावर ठेवा, पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पाय तिथे टेकवायचे नाहीत. संध्याकाळी सूर्य गेला म्हणून लगेच निघू नका, डांबर तासन्‌तास तापलेलं राहतं आणि हे छोटे प्राणी, त्यांचं पोट जमिनीपासून वीतभर वर, खालची सगळी धग त्यांच्याच अंगाला लागते.

उन्हाळ्यात आमची सगळी कामं सकाळी सातच्या आत. दूध आणि पेपर, एवढंच त्याच्याबरोबर. बाकी सगळं मी एकटा.

लक्षणं लिहून ठेवा. जीभ खूप लांब आणि टोकाला रुंद झालेली, लाळ घट्ट आणि चिकट, हिरड्या लालभडक, चालताना मागचे पाय डगमगतात. कुत्र्याचं नॉर्मल तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, उन्हातून आल्यावर 104 च्या वर गेलं तर वेळ घालवू नका. आधी सावली, मग पोट, जांघा, पंजे यावर साधं गार पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि तसंच ओलं घेऊन डॉक्टरकडे. बर्फात बसवायचं नाही. तोंडात जबरदस्ती पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं.

आणि रसवंतीपासून लांब. त्या चरकाच्या घुंगरांच्या आवाजाने आमचा बिथरतो, शिवाय चिपाडांवर गांधीलमाशा असतात.

---

मी काउंटरच्या पलीकडून लिहितो. साताऱ्यात किराणा दुकान आहे. कुत्रं घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला चालतं, पण पायरीच्या बाहेर उभं राहून. कारण फक्त स्वच्छतेचं नाहीये. आत पोती जमिनीवर असतात, नर कुत्रा पोतं दिसलं की पाय वर करतो, ते तर आहेच, पण खरी भीती वेगळी. जवळजवळ प्रत्येक किराणा दुकानात, धान्याच्या गोदामात पोत्यांच्या मागे उंदराच्या औषधाच्या वड्या टाकलेल्या असतात. त्याला खाण्याचा वास असतो, उंदराने यावं म्हणूनच, आणि छोट्या कुत्र्याचं तोंड बरोबर त्या फटीत जातं. आजकालच्या बऱ्याच वड्या ब्रोमाडिओलोनच्या असतात, त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, वाईट भाग म्हणजे पहिले दोन-चार दिवस काहीच दिसत नाही. कुत्रं खातंपितं, खेळतं, आणि मग अचानक मलूल, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त. तोपर्यंत आपण दुकानात गेलो होतो हे पण विसरलेलं असतं. लगेच कळलं तर डॉक्टर उलटी करवतात आणि के जीवनसत्त्व काही आठवडे देतात, वाचतं. म्हणून वडी चाटलेली नुसती शंका आली तरी दुकानदाराला सरळ विचारा कुठलं औषध टाकलंय, रिकामं पाकीट मागून घ्या आणि डॉक्टरला दाखवा. कुठलाही शहाणा दुकानदार यात राग मानणार नाही. मी स्वतः दारात कुत्रं दिसलं की 'ताई उचलून घ्या' असं आधीच सांगतो.

---

साताऱ्याचे दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, या केसेस येतात आणि मालकांना आठवतच नाही कुठे खाल्लं ते.

माझ्याकडून एकच. छोट्या कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला लीश लावू नका, हार्नेस घ्या, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसतो तो. पॉम, यॉर्की, चिवावा यांची श्वासनळी नाजूक असते, बाजारात आपण सारखं थांबतो, वळतो, त्याला ओढतो, आणि दर वेळी तो झटका गळ्यावर बसतो. मग बदकासारखा कर्कश खोकला सुरू होतो आणि तो कायमचा मागे लागू शकतो. पट्टा फक्त बिल्ल्यासाठी, त्यावर तुमचा मोबाईल नंबर आणि महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला. हार्नेस घातल्यावर आत दोन बोटं जायला हवीत. त्याहून सैल असेल तर घाबरलेलं कुत्रं उलटं सरकून त्यातून सुटतं, हे रस्त्यावर फार वेळा होतं.

---

तासगाव. आमच्याकडे बेदाण्याचा बाजार आहे आणि लोक प्रेमळ आहेत, म्हणजे कुठल्याही पेढीवर गेलं की माणसाला चहा आणि कुत्र्याला मूठभर बेदाणे. द्राक्ष, बेदाणे, मनुका कुत्र्याच्या किडनीला विषारी असतात, किती खाल्ले की त्रास होईल याचा नेम नाही, पाच किलोच्या कुत्र्याला थोडे पण जास्त होऊ शकतात. मी आता 'डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय' एवढंच म्हणतो, त्यावर कोणी आग्रह करत नाही. वाद घालत बसलं की तेवढ्यात कोणीतरी एक टाकतोच. पुण्यामुंबईत हीच गोष्ट चॉकलेट आणि केकची असेल.

---

म्हापशाहून. आमची पिंकी साडेचार किलोची, आई कुठली बाप कुठला माहीत नाही पण गुणी आहे. शुक्रवारच्या बाजारात तिला नेत नाही, इतर दिवशी नेते, मासळीकडची बाजू सोडून. तिथे गावठी कुत्र्यांचा ठिय्या असतो आणि त्यांच्या दृष्टीने आपण त्यांच्या हद्दीत आलेलो असतो, त्यांची काय चूक. कुत्री लांबूनच दिसली की मी रस्ता बदलते. जवळ आलीच तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, त्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही, आपण मध्ये आणि पिंकी मागे असं तिरकं चालत निघायचं. उचलायचं असेल तर ती लांब असतानाच उचला, तोंडाशी आल्यावर उचललं की ती आपल्या अंगावर उड्या मारतात. छत्री असेल तर पुढे धरून उघडायची, पाऊस नसला तरी माझ्याकडे असतेच.

चावलंच तर, तिला किंवा तुम्हाला, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. मग डॉक्टर. रेबीजची लस आधी दिलेली असली तरी जायचंच.

पावसात आणखी एक, साचलेल्या पाण्यातून चालवू नका. उंदीर-घुशींचं मूत असतं त्यात, लेप्टो त्याच्यातूनच होतो, कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून आपल्यालाही होऊ शकतो. लस असते, विचारून घ्या. घरी आलं की पंजे धुऊन बोटांच्या मधलं कोरडं करायचं आणि तिथेच गोचीड बघायची, कान, काख, बोटांच्या बेचक्या, टिक फीव्हर इथूनच सुरू होतो.

---

माझ्याकडे कुत्रा नाही आणि मला कुत्र्यांची भीती वाटते, लहानपणापासून. डोंबिवलीत राहते. तुम्ही सगळे 'काही करत नाही हो' म्हणता ना, त्याने मला बरं वाटत नाही. लीश आखूड करून आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलीत की मी निवांत उभी राहू शकते. मेडिकलच्या रांगेत असं करणारे एक काका आहेत, त्यांच्या मागे मी उभी राहते.

---

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. बिट्टूला मी नेहमी भिंतीच्या किंवा शटरच्या बाजूलाच ठेवेन यापुढे, रांगेत तर नक्कीच. लहान मुलं धावत येतात त्यांना पण आता आधी 'थांब, विचार' असंच सांगते.

---

सॅन होजे, कॅलिफोर्निया. इथे ग्रोसरीच्या दुकानात पाळीव कुत्रा चालत नाही, फक्त सर्व्हिस डॉग, त्यामुळे लोकांना गाडीत ठेवून जायचा मोह होतो. बाहेर 30 डिग्री असेल तर बंद गाडीत दहा मिनिटांत 40 च्या आसपास होतं, अर्ध्या तासात 50 ला टेकतं, काच चार बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कॅलिफोर्नियात प्राण्याला असं धोक्यात गाडीत सोडणं गुन्हा आहे, आणि 2017 पासून दुसरा कोणी माणूस आधी पोलिसांना फोन करून, दुसरा उपाय नसेल तर काच फोडून प्राणी बाहेर काढू शकतो, कायदा त्याला संरक्षण देतो. आईबाबा पुण्यात 'पाचच मिनिटं, एसी आत्ताच बंद केलाय' म्हणतात तेव्हा मी त्यांना हेच आकडे सांगते. आम्ही सामान ऑनलाइन बुक करून गाडीतच आणून घेतो, कुत्रा मागच्या सीटवर, हार्नेस सीटबेल्टला अडकवलेला.

---

कोल्हापूर. गाडीचा विषय निघालाय तर, सीएनजी पंपावर सगळ्यांना खाली उतरावं लागतं. तेव्हा दार उघडायच्या आधी लीश हातात, हे पक्कं ठरवून ठेवा, कारण तिथे गाड्या पुढेमागे सरकत असतात आणि गॅस भरतानाच्या आवाजाला कुत्रं दचकतं. आम्ही एकजण गाडीजवळ आणि एकजण कुत्र्याला घेऊन पंपाच्या बाहेर फुटपाथला. एकट्याने जायचं असेल तर गॅस वेगळ्या वेळी.

स्कूटरवर पायाशी उभं करून नेणारे रोज दिसतात, कृपा करून नका नेऊ. खड्डा आला की त्याला धरायला काही नसतं. छातीवरची पिशवी मिळते, आत हुक असतो, तो हार्नेसला लावायचा, गळ्याला नाही. आधी घरात पिशवी नुसती पडू द्या, त्यात बिस्किटं टाका, मग घालून घरात हिंडा, मग बंद स्कूटरवर बसा, मग गल्लीत एक चक्कर. आमच्या मुन्नीला महिना लागला आणि आता पिशवी काढली की ती स्वतः येऊन डोकं आत घालते.

गणपतीत मात्र ती पिशवीत पण नको. ढोल-ताशा आणि डॉल्बी दोन गल्ल्या लांब असला तरी थरथरते, आणि घाबरलेलं कुत्रं पिशवीतून उडी मारतं. त्या दिवसांत मिरवणुकीचा रस्ता आणि वेळ बघून काम, विसर्जनाचं सामान आदल्या दिवशीच आणून ठेवतो. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधी दुपारीच तिची फेरी उरकायची, संध्याकाळी जे काय आणायचं ते घरातल्या एकाने जाऊन आणायचं, एकजण तिच्याजवळ.