३०० आणि ४०० च्या बीआरएमसाठी लेदर सॅडल: बायकांनी कोणती घ्यावी?

रानवाट
नमस्कार मंडळी. लेदर सॅडल घ्यायची आहे, नेमका सल्ला हवा. बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) २०० किमीची निभावते, पण पुढे ३०० (२० तास) आणि ४०० (२७ तास) करायच्या आहेत. सध्याच्या सीटवर ते होणं कठीण दिसतंय.

सायकल स्टीलची टूरिंग, ड्रॉप हँडल, हँडल सॅडलपेक्षा साधारण २ सेंमी खाली. सीटपोस्ट सरळ आहे, वरचा क्लॅम्प मागे सरकवलेला नाही. सीट जेलची, रुंद, ‘लेडीज’ म्हणून मिळालेली. पहिले ५०-६० किमी काहीच त्रास नाही. शंभरीच्या पुढे समोरचा नाजूक भाग बधिर होतो, मग सूज येते. मांडीच्या आतल्या बाजूला कातडी सोलवटते. बसायची हाडं मात्र फारशी दुखत नाहीत.

ब्रूक्स कंपनीची बी१७, बी१७ एस (बायकांची म्हणतात ती), मधे कापलेली कार्व्हड आणि स्प्रिंगवाली बी६७, एवढी नावं कळली आहेत. बायकांची आहे म्हणून एसच घ्यायची का? कापलेली बरी की अखंड? आणि आपल्याकडच्या पावसात लेदर टिकतं का?

चाकोरी
ताई, तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हाडं दुखत नाहीत ही. याचा अर्थ वजन हाडांवर नीट येतच नाहीये. जेलवर बसलं की हाडं खाली रुततात आणि दाबलेलं जेल मधोमध वर येतं, नेमकं तिथे जिथे काहीच टेकायला नको. तासाभराच्या फेरीत ते कळत नाही, सहा तासांनी कळतं. सीट जितकी मऊ तितका हा त्रास जास्त.

लेदर सॅडलचं काम वेगळं चालतं. सुमारे ५ मिलिमीटर जाडीचं कातडं मागच्या लोखंडी पट्टीपासून पुढच्या नाकापर्यंत झोळीसारखं ताणून रिव्हेटने पक्कं केलेलं असतं. खाली फोम नाही, तळ नाही. हाडं जिथे टेकतात तिथे काही शे किलोमीटरनंतर दोन उथळ खळगे पडतात आणि वजन तिथेच बसतं. पण हे होण्यासाठी हाडं कातड्यावरच यायला हवीत. ती मागच्या पट्टीवर आली तर सॅडल वर्षभर वापरली तरी सुखाची होणार नाही, कारण लोखंडाला खळगा पडत नाही. म्हणून आधी माप.

जिन्याच्या पायरीवर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. पातळ कपड्यांत बसा, गुडघे कमरेपेक्षा वर येतील असे पाय खालच्या पायरीवर उंच टेकवा, सायकलवर वाकता तेवढं पुढे वाका आणि दोन्ही हातांनी पायरीची कड धरून स्वतःला अर्धा मिनिट खाली ओढा. उठल्यावर पुठ्ठ्यावर खडू आडवा घासा, दाबलेली जागा कोरी राहील. दोन खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. तीन वेळा करा, कारण पहिल्यांदा माणूस हमखास तिरकं बसतं. सोफ्यावर किंवा गादीवर हे माप येत नाही.

आता एसबद्दल. बी१७ ची लांबी २७५ मिमी, एसची २४२. रुंदी दोघींची जवळपास सारखीच, १७५ च्या आसपास. म्हणजे ‘बायकांची’ म्हणून मिळतं ते फक्त आखूड नाक. स्कर्ट घालून सायकल चालवणाऱ्या बायकांचा कपडा नाकात अडकू नये म्हणून ते आखूड केलेलं. शॉर्ट्स घालून चालवणाऱ्या बाईला त्याचा वेगळा फायदा काही नाही, उलट पुढे-मागे सरकून बसायची जागा कमी होते. ४०० मध्ये ती जागा लागते. माप कळवा, मग पुढचं बोलू.

खोगीर
चाकोरी यांच्याशी सहमत. मला तुमच्या सीटपोस्टची काळजी वाटते, कारण निम्म्या लोकांची लेदर सॅडल तिथेच फसते.

ब्रूक्सच्या रेल्सवर (सॅडलखालच्या दोन दांड्यांवर) क्लॅम्प बसवायला सरळ जागा प्लॅस्टिक सॅडलपेक्षा कमी मिळते. सरळ सीटपोस्टवर ती पुरेशी मागे जातच नाही. मग पेडलवर नीट जोर यावा म्हणून माणूस नकळत मागे सरकतं आणि थेट लोखंडी पट्टीवर बसतं. दोष मात्र सॅडलला जातो. तेव्हा २० ते ३० मिमी सेटबॅक असलेला, म्हणजे वरचा क्लॅम्प तेवढा मागे असलेला सीटपोस्ट सॅडलसोबतच घ्या. जाडी बघून घ्या, २७.२ मिमी आणि त्याच्या आसपासची मापं डोळ्यांना सारखीच दिसतात. आणि दोन बोल्टवाला घ्या. एका बोल्टच्या दातेरी क्लॅम्पमध्ये एक दात हलला की सॅडल एकदम दोनेक अंशांनी कलते. लेदरला अर्ध्या अंशाचा फरकही कळतो.

बसवताना सॅडलवर बसून दोन्ही पेडलं सारख्या उंचीवर ठेवा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. तो पेडलच्या आसावर पडला तर सुरुवातीला पुरे. उंची मात्र जुन्या सीटच्या मापाने ठेवू नका. लेदर सॅडल स्वतःच उंच असते, त्यामुळे सीटपोस्ट खाली घ्यावा लागतो. मग कातडं बसलं की काही मिलिमीटर पुन्हा वर. उंची जास्त राहिली तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवी डुलते, आणि मांडी सोलवटण्याचं ते एक मोठं कारण आहे.

रानवाट
दोघांचे आभार. तीनदा मोजलं: १३१, १३२, १३२ मिमी. शहरातल्या एका दुकानात अखंड बी१७ आणि कार्व्हड दोन्ही बघायला मिळतील असं कळलंय.

चाकोरी
१३२ म्हणजे बी१७ मध्ये बसतं, पण फार मोकळं नाही. हँडल सॅडलपेक्षा थोडं खाली आहे ते इथे कामी येतं. पुढे वाकलं की श्रोणी (कमरेखालचा हाडांचा सांगाडा) पुढे कलते आणि वजन हाडांच्या पुढच्या, अरुंद भागावर येतं. तुम्ही सरळ ताठ बसणाऱ्या असता तर याच मापाला बी६७ सुचवली असती. तिची रुंदी २०५ च्या आसपास आहे. पण तेवढी रुंद सॅडल वाकून बसणाऱ्याच्या मांडीला प्रत्येक फेऱ्याला घासते, आणि स्प्रिंगांमुळे वजन ८५० ग्रॅमच्या पुढे जातं. बी१७ साधारण ५२० ग्रॅमची.

दुकानात जाताना तोच पुठ्ठा घेऊन जा. खळगे नीट दिसतील असा कापा आणि सॅडलवर ठेवा. मागच्या कडेपासून तीन-चार बोटं पुढे खळगे आले पाहिजेत, आणि तिथे दोन्ही बाजूंना कातड्याची निदान एक बोट जागा उरली पाहिजे. मग पुठ्ठा काढून त्या दोन जागी अंगठ्याने जोरात दाबा. किंचित लवचीकपणा लागला तर ठीक. कडक लोखंड लागलं तर ती सॅडल तुमची नाही.

अखंड की कार्व्हड, याचं उत्तर बधिरपणा कधी येतो त्यावर आहे. फक्त ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वळणात), खाली वाकल्यावर येत असेल तर हँडल दोन सेंमी वर घ्या, अखंड बी१७ पुरेल. हुड्सवर (ब्रेकच्या वरच्या मुठींवर) हात ठेवून जरा सरळ बसल्यावरही येत असेल तर कार्व्हड. कापलेली म्हणजे आपोआप सुखाची असं मात्र नाही. काहींना त्या फटीच्या कडाच टोचतात, आणि सूज असेल तर नाजूक भाग फटीत उतरून कडेवर दाबला जातो. शिवाय मधलं कातडं काढल्यामुळे बाजूचे पंख (खाली उतरणाऱ्या कातड्याच्या कडा) जास्त पसरतात. म्हणूनच तिला खाली नाडी ओवायला भोकं दिलेली असतात. ती नाडी शोभेची नाही, ओवून ताणून ठेवायची. पंख आत ओढलेले राहिले तर मांडी वाचते. अखंड बी१७ चे पंखही जुने झाले की पसरतात, तेव्हा चांगल्या चांभाराकडून भोकं पाडून तशीच नाडी घालून घेता येते.

खोगीर
सॅडल किती कललेली ठेवायची याबद्दल एक भर. झोळी मधे खोल असल्यामुळे फोनमधलं लेव्हल थेट कातड्यावर ठेवलं तर चुकीचं दाखवतं. मागच्या कडेपासून नाकापर्यंत लाकडी फूटपट्टी ठेवा आणि तिच्यावर फोन. पुरुषांना बरेचदा नाक थोडं वर ठेवायला सांगतात, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. बायकांनी हे डोळे मिटून ऐकू नये, नाक वर म्हणजे दाब समोर. पूर्ण सपाट धरून सुरुवात करा. तळव्यांवर वजन येतंय, हात अवघडताहेत, तर तुम्ही पुढे घसरताय. नाक अर्धा अंश वर. समोर दाब जाणवला तर अर्धा अंश खाली. एका वेळी एकच बदल आणि त्यावर निदान ४० किमी.

मावळवारा
पावसाचं मी सांगतो, कारण लेदर सॅडल मरते ती इथेच.

वरून पडणाऱ्या पावसापेक्षा मागच्या चाकाने खालून उडवलेलं पाणी वाईट. वरच्या बाजूला पॉलिश असतं, खालची बाजू कोरी असते आणि टिपकागदासारखं पाणी पिते. मागचा मडगार्ड सॅडलखालून लांब येणारा हवा. वर कव्हर घालाच, पण मडगार्ड नसेल तर कव्हरचा उपयोग अर्धाच. सॅडल भिजलेली असताना तिच्यावर तासन्‌तास बसून चालवलं की कातडं एका रात्रीत इतकं ताणलं जातं की पुन्हा आकारात येत नाही. चालवणं टाळता येत नसेल तर निदान कव्हर चढवून चालवा. घरी आल्यावर सावलीत, पंख्याखाली वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर अजिबात नको, कातडं आखडतं आणि रिव्हेटपाशी चिरतं.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर सायकल जून ते सप्टेंबर नुसती उभी असली तरी पांढरी बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसा, पाणी घातलेल्या व्हिनेगरचा हलका हात फिरवा, सावलीत पूर्ण वाळू द्या, मग मेण लावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका.

आता तेल. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला तेल पाजून मऊ करायची सवय आहे. कातडं दोन्हीकडे वनस्पतींनी कमावलेलंच, कोल्हापुरीत बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. पण चप्पल ताणलेली नसते, सॅडल ताणलेली असते. खोबरेल किंवा एरंडेल पाजलं की धागे सैल होतात आणि झोळी लोंबते. ब्रूक्सचं प्रूफाइड नावाचं मेण लावायचं, तेही बेताने. नवी असताना वरून-खालून एक पातळ हात, रात्रभर ठेवून सकाळी वरचं पुसून काढायचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आणखी दोनदा. नंतर वर्षातून दोन-तीनदा पुरे, त्यातली एक वेळ पावसाळ्याच्या तोंडावर.

पायवाट
मधेच विचारते. आमच्याकडे चामडं चालत नाही. मग काय?

खोगीर
मग प्रूफाइडही चालणार नाही, त्यात प्राण्यांची चरबी असते. ब्रूक्सचीच कँबियम बघा. नैसर्गिक रबर आणि वर कापड. झोळीचं तत्त्व तेच, पण मुरवावी लागत नाही, भिजली तरी बिघडत नाही, मेण नको. सी१७ साधारण १६२ मिमी, सी१९ साधारण १८४. तुमचं माप १३० च्या पुढे असेल तर सी१९ आधी बघा. उणी बाजू दोन: हाडांचे खळगे पडत नाहीत, म्हणजे पहिल्या दिवशी जशी वाटते तशीच राहते. आणि कापडाची पाठ खरखरीत असल्याने शॉर्ट्स लवकर झिजतात.

रानवाट
खूप स्पष्ट झालं. बधिरपणा हुड्सवरही येतो, म्हणून कार्व्हड आणि सेटबॅकचा सीटपोस्ट घेते आहे. शेवटचे दोन प्रश्न. ३०० तीन आठवड्यांवर आहे, नवी सॅडल त्यावर न्यायची का? आणि नाकाखालचा ताण द्यायचा बोल्ट कधी फिरवायचा?

चाकोरी
तीन आठवड्यांत ५०० किमी होणार असतील तर न्या, नाहीतर ती ३०० सोडून पुढची धरा. जेलच्या सीटवर तीच सूज पुन्हा काढण्यात अर्थ नाही. मुरवताना ३०-४० किमीच्या फेऱ्या जास्त, मोठी फेरी आठवड्यातून एक: ६०, मग ९०, मग १२०. हाडांना ठणका लागेल, तो चालेल, दोनेक आठवड्यांत ओसरतो. समोर बधिरपणा आला तर मात्र थांबून कल तपासा, तो मुरवल्याने जात नाही. सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही, गाठ लागली किंवा लघवीला जळजळ झाली तर डॉक्टर.

शॉर्ट्स पातळ, दाट पॅडच्या. जाड जेल पॅड म्हणजे काढलेली जेल सीट परत अंगावर घालणं. आत अंतर्वस्त्र नको, त्याची शिवणच मांडी सोलवटते. कातडी घासू नये म्हणून लावायचं क्रीम अंगाला लावा, पॅडवर थापू नका, ते झिरपून सॅडलचं कातडं मऊ करतं. दर १५-२० मिनिटांनी दहा सेकंद पेडलवर उभं राहा, चढ असो वा नसो.

बोल्टला पहिले सहा महिने हात लावू नका. नवी सॅडल कडक वाटते म्हणून लोक तो सैल करतात आणि झोळी आणखी खोल जाऊन नाक समोर टोचायला लागतं. पुढे कधी मधला भाग अंगठ्याने सहज दबायला लागला, बसल्यावर पंख बाहेर फाकायला लागले, तर सोबत मिळालेल्या पान्याने पाव फेरा घट्ट करा आणि शंभरेक किमी चालवून बघा. पान्याला बरंच बळ लावावं लागत असेल तर थांबा, कातडं नाकाच्या रिव्हेटपाशी फाटतं.

मावळवारा
आणि उंची, कल जमला की सीटपोस्टवर फ्रेमच्या तोंडाशी इन्सुलेशन टेपचा एक वेढा घाला, रेल्सवर क्लॅम्पच्या दोन्ही कडांना रंगाची रेघ मारा. सायकल बसच्या डिकीत घालताना सीटपोस्ट काढावाच लागतो, आणि स्टार्टला पहाटे पाच वाजता अंधारात तो अंदाजाने बसवायची वेळ येऊ नये.